तंजावूरच्या वाफ्यावर काय अंथरावं, आणि किती रुपयांत

उघडी माती ही तंजावुरात महागाची चैन आहे. ४ मेच्या सुमारास अग्निनक्षत्र लागलं की पुढचे तीन-साडेतीन आठवडे सकाळी घातलेलं पाणी दुपारच्या जेवणापर्यंत टिकत नाही. ऑक्टोबरात ईशान्येचा पाऊस सुरू झाला की त्याच वाफ्यातली माती सरीसरीने उसळून भिंतीवर आणि पायऱ्यांवर चिकटते, आणि मागे राहतात उघडी पडलेली मुळं. मधल्या महिन्यांत तण आहेच.

म्हणून वाफ्यावर काहीतरी अंथरायला हवं, हे कुणालाही सांगावं लागत नाही. घोटाळा होतो तो काय अंथरायचं यात. नर्सरीत पांढरे गोटे नजरेत भरतात. ऑनलाइन दुकानात पाइनच्या सालीची चकचकीत पाकिटं दिसतात. शेतीच्या दुकानात काळं विणलेलं कापड गुंडाळून ठेवलेलं असतं. आणि तिरुवैयारूच्या रस्त्याने पेंढ्याच्या गठ्ठ्यांनी लादलेला ट्रॅक्टर समोरून जातो, त्याच्याकडे मात्र बागवाल्याचं लक्ष जात नाही. माझं मत आधीच सांगतो. कावेरीच्या खोऱ्यात भात आणि नारळ यांच्यामागे जे उरतं तेच इथल्या वाफ्याला सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात स्वस्त आच्छादन आहे. बाकीच्या वस्तूंना त्यांची त्यांची जागा आहे, पण ती लहान आहे.

खाली दिलेले दर पल्ल्यात दिले आहेत, कारण पेंढा आणि नारळ दोन्ही हंगामाबरोबर वरखाली होतात. घासाघीस कुठून सुरू करायची, एवढ्यासाठीच ते वापरा.

आधी माप

पोत्याची किंमत विचारणं ही पहिली चूक. विचारायचं ते असं: शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला, एका वर्षाला, किती? स्वस्त पोतं चार महिन्यांत कुजून गेलं तर ते स्वस्त नव्हतंच, आणि महाग दगड दहा वर्षं टिकला तर तो दिसतो तेवढा महाग नाही.

माप सोपं आहे. चौरस फूट गुणिले इंच, भागिले १२, की घनफूट येतात. शंभर चौरस फुटांवर तीन इंचांचा थर म्हणजे २५ घनफूट, लिटरमध्ये साधारण ७००. दोन इंचांचा थर म्हणजे १७ घनफुटांहून थोडा कमी, साधारण ४७० लिटर. हे दोन आकडे पाठ करून दुकानात जा, म्हणजे 'दोन पोती पुरतील' या उत्तरावर विश्वास ठेवावा लागत नाही.

खडी आणि वाळू तमिळनाडूत युनिटवर विकतात. एक युनिट म्हणजे १०० घनफूट, म्हणजे आपला एक ब्रासच. पुण्या-नाशकाहून बदलून आलेल्यांनी तेवढं लक्षात ठेवलं तर हिशेब चुकत नाही. वाहतूक मात्र वेगळी धरा. आपण ज्याला छोटा हाथी म्हणतो त्याला इथे कुट्टी यानै म्हणतात. शहरातल्या शहरात एका खेपेला पाचशे ते हजार, गावाबाहेरून आणायचं तर त्याहून जास्त. पेंढ्यासारख्या स्वस्त मालात भाडं मालापेक्षा जड होतं, त्यामुळे दोन-तीन घरांनी मिळून एक खेप मागवणं हीच यातली खरी बचत.

मग माती

तंजावूर शहर दोन मातींच्या सीमेवर आहे. उत्तरेला आणि पूर्वेला, तिरुवैयारू, पापनाशम, कुंभकोणमकडे नदीच्या गाळाची जड, चिकट माती. दक्षिणेला वल्लमकडे गेलात की जांभा आणि तांबडी, निचऱ्याची जमीन. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या मराठी घरांच्या परसात तर पिढ्यान् पिढ्यांचा विटा-चुन्याचा भरावही निघतो. ओली माती मुठीत दाबून अंगठ्याने टोचा. गोळा फुटला नाही, नुसता खळगा पडला, तर चिकण जास्त आहे.

यावरून थराची जाडी ठरते. चिकट मातीत दोन इंच, फार तर अडीच. त्याहून जाड थर पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो आणि झाडांची बुंध्यापाशी कुज सुरू होते. वल्लमकडच्या तांबड्या जमिनीत तीन ते चार इंच खुशाल घाला, कारण तिथे शत्रू चिखल नसून ऊन आहे. दोन्हीकडे नियम एकच: खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी. तुळशीला तर वीतभर सोडा. तिच्या खोडाशी ओल राहिली की ती काळी पडून जाते.

पेंढा

तमिळमध्ये वैक्कोल. डेल्ट्यात भाताची कापणी आता बहुतेक यंत्राने होते आणि मागे पडलेला पेंढा दुसरं यंत्र गोल गठ्ठ्यांत बांधून टाकतं. अशा गठ्ठ्याला कट्टु म्हणतात. शेतावर एक कट्टु हंगामात शंभर ते दीडशेला मिळतो, टंचाईत दोनशे-अडीचशेच्या पुढे जातो. शंभर चौरस फुटांना साधारण पंधरा किलो पेंढा पुरतो, म्हणजे एक गठ्ठा उरून उरतो. इथल्या ऊन-पावसात तो पाच-सहा महिन्यांत बसतो आणि कुजतो. वर्षाला दोन वेळा घालायचा म्हटलं तर दोनशे ते पाचशे रुपये, अधिक भाडं. एवढ्या पैशात मातीला सेंद्रिय पदार्थही मिळतो, हे कुठल्याही दगडाला जमत नाही.

कधी घ्यायचा? सांबा आणि ताळडी हंगामांचं भात पोंगलच्या पुढे-मागे, जानेवारी ते मार्चमध्ये निघतं. त्या वेळी ऊन असतं, पेंढा कोरडा असतो, आणि चोहीकडे असल्यामुळे भाव पडलेला असतो. कुरुवै हंगामाचं भात सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतं, पण तेव्हा पाऊस दाराशी आलेला असतो. तो पेंढा बहुधा भिजतो आणि आतून तापतो. वर्षभराचे गठ्ठे फेब्रुवारीत घेऊन पत्र्याखाली, विटांवर उचलून ठेवा.

एक युक्ती आहे. पेंढा हा आधी गुरांचा चारा आहे, बागेचा नंतर. पूर आला की जनावरांसाठीच तो कमी पडतो. म्हणून शेतकऱ्याला सरळ विचारा: गुरं तोंड लावत नाहीत असा भिजलेला, काळा पडलेला पेंढा आहे का? वाफ्याला तो चालतो, पांढऱ्या-सोनेरी पेंढ्याइतकाच. निम्म्या भावात मिळतो, कधी नुसत्या उचलण्याच्या बोलीवर. आळिंबीची शेड जवळपास असेल तर तिथला वापरून झालेला पेंढा त्याहून उत्तम, तो अर्धा कुजलेलाच असतो.

आता दोष. मळणीत सुटलेले दाणे पेंढ्यात असतात आणि पहिल्या पाण्याला मोगऱ्याच्या वाफ्यात भात उगवतं. गठ्ठा सोडून पेंढा आठवडाभर ओला करून बाजूला पसरून ठेवला तर दाणे तिथेच रुजून मरतात. दुसरं, मोकाट गाई-बकऱ्या. फाटक उघडं राहिलं तर तुमचं आच्छादन एका दुपारीत जेवून होतं. तिसरं, उंदीर आणि त्यांच्यामागे येणारा साप. पायरीला, पाण्याच्या नळाला, मुलांच्या खेळायच्या जागेला लागून पेंढा घालू नका. तिथे खडी हवी. आणि पावसाळ्यात पेंढ्यात हात घालण्याआधी काठीने हलवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

पेंढ्याने तण थांबतं का? बियांपासून येणारं थांबतं, लव्हाळा थांबत नाही. त्याला इथे कोरै म्हणतात. त्याच्या गाठी मातीत खोल असतात आणि कोंब सुईसारखा वर येतो. लव्हाळ्याच्या वाफ्यावर आधी महिनाभर, दर आठवड्याला, गाठींसकट खणून काढल्याशिवाय कुठल्याही आच्छादनावर पैसा घालू नका.

नारळ

तंजावूर जिल्ह्याच्या दक्षिणेला पट्टुकोट्टै आणि पेरावूरणी हा नारळाचा पट्टा. १६ नोव्हेंबर २०१८ च्या गाजा वादळाने तिथली झाडं ओळीच्या ओळी आडवी केली, तरीही काथ्याचा धंदा उभा आहे. वेप्पंकुळमला कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्रही याच पट्ट्यात आहे. नारळ तीन रूपांत वाफ्यावर येतो आणि तिन्हींचा हिशेब वेगळा.

पहिलं रूप फुकटचं: सोडणं. तेंगाय मट्टै म्हणून मागा. शहाळ्याच्या गाडीवाल्याला, म्हणजे इळनीरवाल्याला, रोज संध्याकाळी सालांचा ढीग कुठे टाकायचा हीच चिंता असते. झाडाच्या आळ्याला ही सोडणं उत्तम. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस नारळाच्या झाडासाठी आहे: बुंध्याभोवती १.८ मीटर त्रिज्येच्या आळ्यात १०० सोडणं पाठ वर करून, नाहीतर १५ वाळल्या झावळ्या, नाहीतर काथ्याच्या भुशाचा १० सेंटिमीटरचा थर. आंबा, लिंबू, कढीपत्ता यांच्या आळ्यालाही हेच तत्त्व लहान प्रमाणात चालतं. यात 'पाठ वर करून' हे शब्द फार महत्त्वाचे. वाटी वर राहिली तर तिच्यात पाणी साठतं आणि डेंग्यूचा डास नेमक्या अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. करवंट्या तर वाफ्यात टाकूच नका. शहाळ्याचं साल आधी चार तुकडे करून घ्या. कोयता चालवणाऱ्याला शंभरची नोट दिली की तो खुशीने करतो.

फुलझाडांच्या नाजूक वाफ्यात सोडणं ओबडधोबड दिसतात. तिथे दुसरं रूप, सोडणांचे बारीक तुकडे, ज्याला दुकानदार हस्क चिप्स म्हणतात. दाबून केलेली पाच किलोची वीट साधारण अडीचशे ते साडेतीनशेला. पाण्यात फुगली की साठेक लिटर होते. दोन इंचांच्या थराला ४७० लिटर लागतात, म्हणजे आठ विटा, दोन ते अडीच-पावणेतीन हजार रुपये. पण हे तुकडे दोन-तीन वर्षं टिकतात, वाऱ्याने उडत नाहीत, गाई खात नाहीत, आणि दिसायला पाइनच्या सालीच्या तोडीस तोड. वर्षाला हजाराच्या आसपास पडतं. घराच्या दर्शनी वाफ्यासाठी माझी पहिली पसंती हीच. तेवढीच जागा पाइनच्या सालीने भरायला गेलात तर आकडा सहज पाच आकडी होतो, आणि पाइनचं एकही झाड या मुलखात नाही.

तिसरं रूप, कोकोपीट, सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जातं. तेन्नै नार कळिवु, काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. पाच किलोची वीट दीडशेच्या आगेमागे, फुगून ७० लिटरपर्यंत. आपल्या वजनाच्या सहा-सात पट पाणी धरतो, ही त्याची कीर्ती. पण वर उघडा अंथरला तर अग्निनक्षत्रात तो असा कडक वाळतो की वरून घातलेलं पाणी त्यावरून घरंगळून जातं. ऑक्टोबरात तो तरंगत गटारात जातो. कोकोपीटची जागा पेंढ्याच्या किंवा पाल्याच्या खाली, इंचभर. चिकट मातीत तर तो मिसळायचाच, पण कुजवलेला. कच्च्या भुशात कर्ब-नत्राचं गुणोत्तर शंभराच्या वर असतं. तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि झाडं पिवळी पडतात. विद्यापीठाच्या पद्धतीत एक टन भुशाला पाच किलो युरिया आणि आळिंबीच्या बियाण्याच्या पाच बाटल्या घालून थर लावतात. महिन्याभरात गुणोत्तर पंचविशीच्या आसपास येतं. घरी हा खटाटोप करू नका, 'कुजवलेला' असं स्पष्ट छापलेलाच घ्या.

कोकोपीटचा आणखी एक दोष म्हणजे खारेपणा. तो तपासायला दुकानदाराच्या शब्दाची गरज नाही. आरओ दुरुस्तीवाल्याकडे असतं ते टीडीएसचं पेन दोन-तीनशेला मिळतं. ग्लासभर नळाचं पाणी मोजा, त्यात मूठभर भुसा भिजवून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. आकडा दुप्पट-तिप्पट उडाला तर माल खारा आहे. दोनदा धुऊन घ्यायचा किंवा परत करायचा. आणि धुतलेलं तपकिरी पाणी फरशीवर सोडू नका, डाग महिनोन्‌महिने जात नाही.

तूस, पाचट, पाला

भाताचं तूस, उमि, राइस मिलमध्ये मिळतं. पण आता मिलच त्याला बॉयलरमध्ये जाळते, त्यामुळे फुकटचा जमाना संपला. किलोला तीन ते सहा रुपये. दोन इंचांच्या थराला पन्नासेक किलो लागतं. सिलिका भरपूर, म्हणून लवकर कुजत नाही. हलकं, म्हणून वाऱ्याने स्वयंपाकघरात येतं. एकट्याने वापरू नका. रोपवाटिकेच्या कुंड्यांवर अर्धा इंच ठीक.

उसाचं पाचट, सोगै, कुरुंगुळमच्या साखर कारखान्याच्या परिसरात शेतावर मिळतं. अनेकदा ते जाळूनच टाकतात. कुणी ओळखीचा असेल तर फक्त भाड्याच्या खर्चात गाडी भरून येते. पेंढ्यापेक्षा दीडपट टिकतं. कडा धारदार, हातमोजे घाला.

झाडांचा पाला हे घरचं सोनं आहे आणि ते लोक अजून फाटकाबाहेर पेटवतात. कडुलिंब, करंज, आंबा, फणस, काहीही चालतं. मोठी पानं पायाखाली तुडवून किंवा कोयत्याने कापून घाला, नाहीतर एकावर एक चिकटून त्यांचं छप्पर होतं. केळीची वाळलेली पानं आणि खांबाचे काप उत्तमच, आतलं पाणी हळूहळू सोडतात. लग्नाच्या पंक्तीतली उष्टी पानं मात्र नकोत. त्यांच्यामागे उंदीर येतात.

खडी आणि पांढरे गोटे

काळी खडी, करुंगल जल्ली, २० मिलिमीटरची, घनफुटाला चाळीस ते साठ. दोन इंचांच्या थराला १७ घनफूट, म्हणजे सातशे ते हजार रुपये, अधिक भाडं. पांढऱ्या संगमरवरी तुकड्यांचा तोच थर सातशे किलोच्या घरात जातो. किरकोळीत किलोला दहा ते पंधरा धरले तर सात ते साडेदहा हजार. दहा वर्षांवर पसरलं तर आकडा घाबरवणारा नाही, हे कबूल करायला हवं. पण दहा वर्षं ते पांढरे राहत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात शेवाळ धरतं, एप्रिलमध्ये कडुलिंबाचा मोहोर फटींत जाऊन बसतो, आणि धुण्याचा खर्च कुणीच आधी सांगत नाही. दिवसाची मजुरी सातशे-आठशे धरा, वर्षातून दोन दिवस.

त्याहून मोठी हरकत झाडांची. दगड दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ती उष्णता मुळांना देतो. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, तो माती आणखी अल्कधर्मी करतो. इथल्या दारोदारी असलेल्या इक्झोऱ्याला, ज्याला तमिळ घरांत इडलीपू म्हणतात, आंबट माती लागते. त्याच्या बुडाशी पांढरे गोटे घातले की काही महिन्यांत पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागतो. मग माळी लोहाचं औषध विकतो. गोटे काढायला कुणी सांगत नाही.

खडी जिथे हवी तिथे हवीच: पन्हळीचं पाणी पडतं ती रेघ, भिंतीलगतची फूटभर पट्टी, पायवाट, निवडुंग, अडेनियम, चाफा. भिंतीलगतच्या पट्टीचं कारण वाळवी. पेंढा, पुठ्ठा, साल, काहीही कुजणारं भिंतीला आणि लाकडी चौकटीला टेकता कामा नये. जुन्या घरात बर्मा सागाची चौकट असेल तर ती पट्टी दीड फुटाची करा. खडीखाली विणलेलं कापड घाला, नाहीतर दोन पावसाळ्यांत ती चिकणमातीत बुडून नाहीशी होते.

कापड, प्लास्टिक, पुठ्ठा

विणलेलं तणरोधक कापड चौरस मीटरला वीस ते चाळीस रुपये, जाडीप्रमाणे. शंभर चौरस फुटांना २०० ते ४०० रुपये आणि वर लोखंडी पिना. खडीखाली आणि पायवाटेखाली याची शिफारस करतो. फुलझाडांच्या वाफ्यात नाही. वर साठलेल्या मातीत तण उगवतं, त्याची मुळं कापडात अडकतात, आणि खाली गांडूळ उपाशी.

चंदेरी-काळी मल्चिंग फिल्म, २५-३० मायक्रॉनची, वांगी, मिरची, भेंडीच्या सरळ ओळींना चांगली. मीटरला पाच-सात रुपयेच पडतात, पण ते ४०० मीटरचं अख्खं बंडल घेतलं तर. किरकोळ कापून देणारा दुकानदार दुप्पट लावतो आणि त्यात त्याची चूक नाही. लव्हाळा तीही भोसकून वर येतो. हंगाम संपताच अख्खी ओढून काढा. फाटल्यावर तिचे चिंधड्या झालेले तुकडे मातीतून वेचत बसावं लागतं.

खोक्यांचा तपकिरी पुठ्ठा किराणा दुकानात फुकट मिळतो. चिकटपट्टी काढून, कडा वीतभर एकमेकांवर चढवून, भिजवून घाला आणि वर पेंढा. हरळी दाबायला यासारखा स्वस्त उपाय नाही. फक्त भिंतीपासून लांब, वाळवीचं वर सांगितलंच आहे.

जिवंत आच्छादन

लॉन नको असेल आणि हिरवं हवं असेल तर पसरणाऱ्या वेली-रोपांचा विचार करा. पिंटो पीनट, भुईमुगाच्या जातीचं, पिवळ्या फुलांचं. नत्र स्थिर करतं, अर्धी सावली सोसतं. पिशवीतलं रोप दहा ते पंचवीस रुपये. फूटभर अंतराने शंभर चौरस फुटांना शंभर रोपं, म्हणजे हजार ते अडीच हजार. पण सगळी विकत घेऊ नका. वीस-पंचवीस घ्या, सहा महिन्यांनी त्याच्याच कांड्या तोडून लावा. पूर्ण भरायला वर्ष लागेल, पैसे चौथाई.

मोरीचं किंवा धुण्याच्या दगडाचं पाणी वाहतं त्या ओलसर कोपऱ्यात वल्लारै, म्हणजे मंडूकपर्णी, आणि पोन्नांगन्नी लावा. दोन्ही पालेभाज्या म्हणून पानात येतात. भर उन्हाच्या जागी ऑफिस टाइमची फुलझाडं लावा. नर्सरीवाला वेडेलिया स्वस्तात देईल, पिवळी फुलं दाखवील, घेऊ नका. कुंपण ओलांडून शेजाऱ्याकडे जाते आणि मग ती काढायचा खर्च कुणाचा यावर भांडण.

वर्षाचं वेळापत्रक

महाराष्ट्रातली सवय इथे उलटी पडते. तिकडे जून-सप्टेंबरचा पाऊस संपला की ओल धरून ठेवायला ऑक्टोबरात आच्छादन घालतात. तंजावुरात वर्षाच्या पावसातला निम्म्याच्या आसपास वाटा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. तेव्हा जाड थर घालणं म्हणजे गोगलगायींना आणि बुरशीला पंगत वाढणं.

मुख्य थर फेब्रुवारीच्या अखेरीस, पेंढा स्वस्त असताना आणि मातीत पावसाळ्याची ओल शिल्लक असताना. घालण्याआधी शंभर चौरस फुटांना चार-पाच टोपल्या शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड, इथलं वेप्पम पुण्णाक्कु. तिच्याने वाळवीलाही जरा आळा बसतो. मग भरपूर पाणी, मग आच्छादन. कोरड्या मातीवर अंथरलं तर ती कोरडीच राहते. एप्रिलअखेर विरळ झालेल्या जागा भरा. १२ जूनच्या रिवाजाने मेट्टूर धरणाचं पाणी सुटलं आणि कालवे वाहू लागले की जुन्या डेल्ट्यातल्या विहिरी वर येतात, तेव्हा पाणी घालणं निम्मं करा. सप्टेंबरअखेर उरलेला थर खोडांपासून मागे ओढून इंचावर आणा. दुसरा हलका हप्ता डिसेंबरअखेर, पाऊस सरल्यावर.

विकत घेताना

पेंढा गठ्ठ्यावर घ्या, पण एक गठ्ठा वजन करून बघा. ओला गठ्ठा जड असतो आणि आत बुरशी असते. मधोमध हात घालून बघा, गरम लागला तर पुऱ्या भावात नको. खडी गाडीत असतानाच टेपने लांबी, रुंदी, उंची मोजा, उतरवल्यावर भांडण व्यर्थ. मजुरी उक्ती ठरवा आणि पसरवणं, पाणी मारणं, कचरा उचलणं त्यात धरलंय का हे आधी विचारा.

बांधलेल्या मालाचं वेगळं. कोकोपीटच्या विटा, चिप्स, गोट्यांची पिशवी, निंबोळी पेंड, यांच्या वेष्टणावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि उत्पादक किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता छापणं वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. पाच किलो छापलेली वीट सव्वाचारच भरते, असं होऊ शकतं. दुकानातल्याच काट्यावर ठेवून बघा, कमी भरली तर फोटो काढा, बिल मागा. दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे मराठीतही तक्रार नोंदवता येते.